चारा असताना ठरवायचं

"सर, कॉम्प्युटर हँग झाला," असं म्हणत कुणी प्रयोगशाळेच्या दारात आलं की गडदे सर मान वर न करता विचारायचे, "कोण?"

पोरगं गोंधळायचं. "माझाच, सर. खिडकीजवळचा."

"कॉम्प्युटर न्हाई अडकत. त्याच्यातलं कुणीतरी एक अडकतं. कोण अडकलं, ते बघून ये. मग बोलू."

मी अंबाजोगाईच्या त्याच महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालय आणि संगणकाची प्रयोगशाळा यांच्यात एकच भिंत. त्यामुळे हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की नवीन वर्षाची मुलं आली की तो कधी सुरू होईल याची वाट बघायचो. आता भिंतीपलीकडून तो ऐकू येत नाही. गडदे सर मागच्या मार्गशीर्षात गेले. काविळीचं निमित्त झालं. गावाकडं, शिरूर कासारजवळच्या वस्तीवर. आमच्याकडं बातमी तिसऱ्या दिवशी आली. शोकसभा झाली नाही. ते तेव्हा आमचे कर्मचारी नव्हते, असं कार्यालयाचं म्हणणं पडलं. कागदोपत्री ते खरंही होतं.

दिसायला ते मास्तर वाटत नसत. रुंद हाडांचा, काळा, उंच माणूस. पायांत कायम जाड तळाच्या चामडी चपला, चाल लांब टांगांची. मेंढपाळाच्या घरातले होते आणि ते लपवत नसत, मिरवतही नसत. शिकवताना आपल्या गावाकडच्या बोलीतच बोलायचे, आणि राग आला की एकदम पुस्तकी बोलायला लागायचे. "आपण हे कृत्य का केले?" असं त्यांच्या तोंडून निघालं की वर्गात पेन पडल्याचाही आवाज येत नसे. मला ते 'पुस्तकवाले' म्हणत. अकराच्या सुट्टीत कप घेऊन माझ्याकडं येत, कपाटांवरून नजर फिरवत, आणि एखादं पुस्तक चुकीच्या जागी दिसलं तर चहा खाली ठेवून आधी ते हलवत.

प्रयोगशाळेत कोपऱ्यात एक मोठं यंत्र होतं आणि त्याला वीसेक पडदे जोडलेले. पडद्यांना स्वतःचं डोकं नव्हतं. सगळ्यांचं काम त्या एका यंत्राच्या स्मृतीत चालायचं, आणि ती स्मृती तोकडी होती. गडदे सर येण्यापूर्वी काही अडकलं की मोठ्या यंत्राचं बटण दाबायचं, ही रीत होती. बटण दाबलं की एकाचं अडकलेलं सुटायचं आणि बाकी सगळ्यांचं केलेलं जायचं. पोरं पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला लागायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गडदे सरांनी आल्या आठवड्यात त्या बटणावर काड्यापेटीचं रिकामं खोकं ठेवून वरून काळी टेप गुंडाळली.

मग त्यांनी नावांचा नियम आणला. नियम त्यांचा नव्हता. ती संगणकप्रणाली खुली, फुकट मिळणारी होती आणि ती बनवणाऱ्या जगभरच्या लोकांनी चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला नाव कसं द्यावं, याची रीत लिहून ठेवली होती. इतरांनी ती वाचून सोडून दिली असती. गडदे सरांनी ती एखाद्या व्रतासारखी धरली. फळ्याच्या वरच्या कडेला पक्क्या रंगानं लिहून ठेवलं होतं: आधी वाघूर, मग सोडणारा, मग कोण, मग आकडा.

वाघूर म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायची जाळी. शहरातून आलेल्या मुलांना ते माहीत नसायचं, त्यांना आधी ते चित्र काढून दाखवत. त्यांच्या हिशोबानं यंत्रात तीन वाघरी होत्या. पहिली 'घर': ज्यांच्याशिवाय पडदाच उभा राहत नाही, ते प्रोग्राम. दुसरी 'काम': ज्याच्यासमोर माणूस बसून काही करतो आहे, ते. तिसरी 'मागलं': कुणी बघत नसताना मागे चालू असलेलं, गाणी म्हणा, डाउनलोड म्हणा. प्रोग्राम सुरू झाला की त्याच्या नावातच लिहिलेलं असायचं की तो कोणत्या वाघरीतला, तो कुणी उघडला, तो नेमका कोणता, आणि एकाच जातीचे दहा उघडले असतील तर त्यांतला कितवा.

"नावावरून कळलं पायजे," ते म्हणत. "कुणी सोडलं, कुठं चरतंय, आन् किती जणांत कोणतं. मग एक आजारी पडलं तर एकच बाहेर काढायचं. अख्खा कळप कावून हाकलायचा?"

आणि स्मृती कमी पडायला लागली की काय करायचं, तेही नावावरच ठरलेलं होतं. आधी मागलं जाणार. मग कामातलं सगळ्यात जास्त खाणारं. घर सगळ्यात शेवटी. हे यंत्र आपलं आपण करायचं, कुणाला विचारत नसे.

मी एकदा म्हणालो, "गडदे, एवढ्या लहान प्रयोगशाळेला एवढा कडक कायदा कशाला?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि लहानपणचं सांगायला लागले. ते लहान असताना सुगी झाली की बाप कळप घेऊन बालाघाटाखाली उतरायचा, शेताशेतात खतासाठी मेंढ्या बसवायचा. हेही बरोबर असत. प्रत्येक मेंढीला नाव, आणि नावात तिची आई. बापाची आणखी एक सवय होती. चांगल्या दिवसांत, मेंढ्या अंगानं भरलेल्या असताना, तो एका संध्याकाळी बसून मोठ्या भावाला सांगायचा की पुढं टंचाई पडली तर कोणती आधी विकायची, कोणती नंतर, आणि कोणती काही झालं तरी ठेवायची.

"मी विचारलं, आबा, आत्ताच कावून? तर मला म्हणला, चारा असताना ठरवायचं बे. टंचाईत ठरवाया बसलं की माणूस ओळखीचं तोंड वाचवतो."

एवढं सांगून ते उठले आणि गेले. गोष्ट सांगून तिचा अर्थ सांगत बसायची त्यांना सवय नव्हती.

त्यांच्या नियमाची कॉलेजात टिंगलही व्हायची आणि ते टिंगल ओळखून असत. नावात आडवी रेघ मारली की यंत्र पुढच्या शब्दाला मागच्याच्या खाली बांधायचं, एक पायरी उतरवून. आमच्या प्राचार्यांनी यंत्रातल्या आपल्या खात्याला हौसेनं 'प्राचार्य-कार्यालय' असं नाव द्यायला लावलं. गडदे सर त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ही रेघ काढा. हिच्यामुळं अख्खं कार्यालय तुमच्याखाली बांधलं गेलंय. तुम्हाला बंद केलं की कार्यालय बंद पडतं."

प्राचार्य जरा विचार करून म्हणाले, "मग बरोबरच आहे की."

ही गोष्ट गडदे सरांनी मला सांगितली तेव्हा ते हसून हसून खोकायला लागले. त्यांना इतकं हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं असेल.

पण ते मायाळू वगैरे होते असं मी लिहिणार नाही. मेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप गोड लिहायला लागतो, तो आवरावा लागतो. पोरं आपल्या प्रोग्रामला 'टेस्ट', 'न्यू', 'न्यू न्यू' अशी नावं द्यायची. असलं नाव दिसलं की सर आतलं काम न बघता शून्य द्यायचे. धारूरकडची एक मुलगी होती, हुशार, रोज एसटीनं येणारी. तिचं काम वर्गात सगळ्यात चांगलं होतं, पण तिनं त्याला 'फायनल' असं नाव दिलं होतं. सरांनी शून्य दिलं. ती माझ्या ग्रंथालयात येऊन मासिकांच्या कपाटामागं रडत बसली. मी सरांकडं गेलो. म्हणालो, एवढ्या वेळी सोडा.

"पुस्तकवाले, तुमच्याकडं पाटी नसलेलं पुस्तक आलं तर मांडणीवर ठेवता का?"

"माणसं पुस्तकं नाहीत."

"आज रडू द्या. उद्या कुठंतरी हिच्या हाताखाली शंभर माणसांचं काम चालत असंल."

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. घरीही त्यांचं असंच असणार. सुमनवहिनी साड्यांना पिको-फॉल करून घर चालवत होत्या, कारण सर तासिका तत्त्वावर होते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करतो, नव्यानं नेमला जातो आणि उन्हाळ्यात कुणीच नसतो. गडदे सरांचे केस या रीतीत पिकले. मी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो तेव्हा वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे मित्र यंत्रातल्या प्रोग्रामला सांगतात, तू घरातला, तू मागला. ह्यांना कॉलेजनं कुठं ठेवलंय, ते विचारा की एकदा."

सर जेवत राहिले.

मग जागा निघाली. संगणकशास्त्राची एक कायम जागा, मंजूर झालेली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका दादा म्हणतो, स्टाफरूममध्ये आले तेव्हा सगळ्यांच्या देखत गडदे सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता गडदेंचं काम होणार. लई वाट बघितली गड्यानं." वहिनींनी त्या दिवशी शेजारी पेढे दिले. सरांना ते आवडलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही. त्या महिन्यात त्यांच्या अंगावर दोन नवीन शर्ट दिसले.

मुलाखत तोंडावर आली आणि दादांचा वाढदिवस त्याच्याही आधी. सभागृहात अभीष्टचिंतन सोहळा, बाहेरून मोठे पुढारी येणार, आणि दादांचं भाषण धारूरच्या शाखेत, वसतिगृहात आणि गावोगावच्या लोकांच्या मोबाइलवर थेट दिसायचं होतं. हे सगळं ज्यावरून पाठवायचं ते यंत्र एकच होतं, प्रयोगशाळेतलं. आणि त्याच दिवशी, त्याच वेळेला विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक येऊन उतरले होते, त्यामुळे परीक्षा हलणार नव्हती. वाढदिवस तर हलतच नाही.

प्राचार्यांनी गडदे सरांना बोलावलं. परीक्षेला पर्यवेक्षक मी होतो, म्हणून मीही तिथं होतो.

"गडदे, दादांचं प्रक्षेपण त्या तुमच्या पहिल्या गटात घाला. घरात."

"ते मागलं हाय, सर. त्याच्यासमोर बसून कुणी काम करत न्हाई."

"अहो, हजारो लोक बघणार आहेत."

"बघणारे बाहेर हायेत. यंत्रात ते मागलंच. आन् त्याला घरात घातलं तर स्मृती कमी पडल्यावर पोरांचे पेपर जातील."

"कमी पडली तर ना?"

"पडणार. मी मोजलंय."

प्राचार्यांनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नव्हते. "गडदे, एक नाव बदलायचंय. फक्त एक नाव. पुढच्या आठवड्यात तुमची मुलाखत आहे."

"नावच तर हाय, सर. माझ्याकडं दुसरं काय हाय?"

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना म्हणालो, "बदला हो. एक दिवसासाठी. संध्याकाळी परत करा."

"टंचाई आली की बदलायचं, असा नियम असतो का?" ते म्हणाले. मग, "त्यांना दुसरं यंत्र आणा म्हणून लेखी दिलंय मी. लातूरहून भाड्यानं मिळतं. नको म्हणाले."

त्या दिवशी प्रयोगशाळेत पोरं खाली माना घालून टाइप करत होती. पटांगणापलीकडच्या सभागृहाकडून हलगीचा आवाज येत होता, मग तुतारी झाली, मग माइकवरून नावं घेणं सुरू झालं. गडदे सर मोठ्या यंत्राजवळ उभे होते, हात मागे बांधून. दादा बोलायला उभे राहिल्याचा टाळ्यांवरून अंदाज आला. पडद्यावरची नावांची रांग मला दिसत होती. ती वाचता येण्याइतकं मी त्यांच्याकडून शिकलो होतो. तिच्यातलं एक नाव होतं, ते नव्हतं झालं. सर हलले नाहीत. त्यांनी काही बंद केलं नव्हतं. यंत्रानं ठरल्याप्रमाणं केलं होतं.

हनुमंत शिपाई धावत आला. दारातच चपला काढायचं विसरला. "सर, धारूरचा फोन हाय, वसतिगृहाचा फोन हाय, सगळीकडं पडदा काळा झालाय. दादा बोलायलेत आन् कुणाला काय दिसंना."

"माहिती हाय."

"मग चालू करा की."

"जागा न्हाई."

हनुमंतानं पोरांकडं पाहिलं. त्याला यंत्रातलं काही कळत नसलं तरी माणसातलं कळत होतं. हळूच म्हणाला, "सर, ह्यातल्या चार-पाच पोरांचं बंद केलं तर हुईल ना? त्यांना पुन्हा टाइप कराया लावा. पोरं काय म्हणणार हायेत?"

गडदे सर तेव्हा पुस्तकी भाषेत बोलले. "परीक्षा संपल्यानंतर. तत्पूर्वी नाही."

एकाही मुलानं मान वर केली नाही. त्यांना काही कळलंच नाही, आजही माहीत नसेल. त्यांचे पेपर वेळेवर जमा झाले. परीक्षकांनी चहा घेतला आणि एवढी शिस्तीची प्रयोगशाळा बघितली नाही असं म्हणून ते गेले. तोवर भाषण संपलं होतं.

मुलाखतीच्या खोलीत मी नव्हतो. दाराशी हनुमंत होता, त्यानं सांगितलं. बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रश्न विचारले, सरांनी उत्तरं दिली. शेवटी दादांनी हसून विचारलं, "गडदे, तुमच्या नियमात आमचं भाषण कुठं बसतं?"

"मागल्यात," सर म्हणाले.

दादा पुन्हा हसले. त्यांनी हनुमंताला चहा आणायला सांगितला, सरांच्या आबांची चौकशी केली, पाऊसपाण्याचं विचारलं. हनुमंत मला म्हणाला, "दादांनी सवताच्या हातानं बिस्किटाची बशी पुढं केली बघा. मला वाटलं, काम झालं."

जागा दादांच्या साडूच्या मुलाला मिळाली. तो मुलगा नम्र आहे, मला वाकून नमस्कार करतो. गडदे सरांना काढून टाकलं असं कुणीही म्हणालं नाही. जूनमध्ये बोलावणं आलं नाही, एवढंच. ज्याला कधी ठेवलेलंच नसतं त्याला काढावं लागत नाही. फळ्यावरची ओळ खरवडून काढली, नवीन रंग दिला. आता सगळे प्रोग्राम एकाच नावाखाली चालतात आणि काही अडकलं की बटण दाबतात. स्टाफरूममध्ये त्या दिवसाची गोष्ट अजून निघते. दादांचं भाषण गेलं तेव्हा गडदे कसा खांबासारखा उभा होता, याची नक्कल एक जण फार चांगली करतो. लोक हसतात. मी कप घेऊन ग्रंथालयात येतो.

त्यांची शेवटची भेट दिवाळीच्या अलीकडं झाली. महाविद्यालयाच्या तपासणीला समिती येणार होती आणि मोठं यंत्र रोज मान टाकत होतं. साडूच्या मुलाला ते उमगेना. प्राचार्यांनी मला बोलावलं. "तुमचे मित्र आहेत. एक दिवस येऊन बघतील का? गाडी पाठवू."

मी गाडी नको म्हणालो. एसटीनं शिरूर कासारला गेलो.

बसस्टँडला लागून त्यांनी एक गाळा घेतला होता. एक संगणक, एक छापायचं यंत्र, बाहेर पत्र्याच्या सावलीत बाकडं. ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं काम. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायची वेळ होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी लोकांना पोरांचे वसतिगृहाचे अर्ज, दाखले, आधारची दुरुस्ती, सगळं उरकायचं होतं. बाकडं भरलेलं होतं, खालीही माणसं बसलेली होती. सर आत दिसत होते. वाळले होते. डोळे पिवळट होते, ते मी पाहिलं, पण तेव्हा मला ते उन्हाचं वाटलं.

मी सरळ आत गेलो. आमच्याकडची सवय, ओळखीचा माणूस आत असला की आपण आत जातो.

"या, पुस्तकवाले," ते म्हणाले. उठले नाहीत. बोटं चालूच होती. "कसं काय येणं केलं?"

"प्राचार्यांनी पाठवलंय. समिती येणार आहे. यंत्र चालत नाही. एक दिवस या म्हणतात."

"कोण म्हणून येऊ?"

मी म्हणालो, "तसं काही बोलले नाहीत."

त्यांनी मान हलवली. रागानं नव्हे, एखाद्यानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. समोर एक बाई बसली होती, तिच्या मांडीवर पोरगी. सर तिला म्हणाले, "मावशे, पोरीचं जन्मगाव हेच लिहू का, का फडावर झाली?"

"फडावर झाली जी. सांगली का कोल्हापूर, ध्यानात न्हाई."

"मग आठव. घाई न्हाई." मग माझ्याकडं न बघता मला म्हणाले, "सर, बाहेर बसा. नंबर आला की बोलू निवांत."

मी बाहेर येऊन बाकड्याच्या टोकाला बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं सरकून जागा दिली. मला वाटलं, ते थट्टा करतायत, पाच मिनिटांत हाक मारतील, चहा मागवतील. त्यांनी हाक मारली नाही. एकेक माणूस आत जात होता, ते एकेकाला पुरता वेळ देत होते. उन्हं कलली. एका टोळीचा मुकादम जीपमधून उतरून तडक आत शिरला, त्यालाही ते बाहेर पाठवताना मी ऐकलं. तो शिव्या देत माझ्यामागं येऊन बसला.

स्टँडवर अंबाजोगाईची शेवटची गाडी लागली. माझ्यापुढं अजून तिघं होते. मी उठून दारात गेलो.

"गडदे, गाडी लागली."

त्यांनी गाडीकडं पाहिलं. मग रांगेकडं पाहिलं. म्हाताऱ्यासाठी खुर्ची पायानं पुढं सरकवत ते म्हणाले, "जावा सर. उद्या सकाळी आठला उघडतो. लवकर आलात तर पयला नंबर लागंल."